खर्जातलं जबलपूर

बेस गिटार शिकायचं म्हणून घरातून कुणी निघत नाही. माणूस निघतो तो गिटार शिकायला. मग एखाद्या बँडमध्ये गेल्यावर कळतं की गिटारवाले आधीच दोन आहेत. त्यातल्या एकाच्या गच्चीवर सराव चालतो, दुसऱ्याच्या वडिलांनी अँप घेऊन दिलाय, म्हणजे हे दोघं काही हलत नाहीत. तिसरा मुकाट्याने बेसवर जातो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्सचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बँड सोडून गेला, तेव्हा बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते जोखड पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. पुढे त्याने त्या वाद्याचं सोनं केलं ही गोष्ट वेगळी. नेमणूक झाली ती नाइलाजानेच.

नाइलाजाने मिळालेल्या जागेवर बसून काम चोख करणं ही गोष्ट जबलपूरकराला कुणी शिकवावी लागत नाही. आमच्या गावाला बेसवर बसवायची सगळ्यांना जुनी सवय आहे. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांची गाठ पडली ती इथे, जबलपुरात. नाव मात्र झालं मुंबई–कलकत्ता मार्गाचं. १९०४ मध्ये इथे मोठा कारखाना निघाला, तो गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफा ज्याच्यावर बसतात त्या गाड्यांचा. तोफ धडाडते, तिचा फोटो पेपरात येतो. धडाडल्यावर खालून जो धक्का खातो तो गाडा आमचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी गेली भोपाळला, आम्हाला मिळालं हायकोर्ट, आणि तेही नागपूरचं उचलून आणलेलं. त्यात पुढे वीज मंडळाचं मुख्यालय. म्हणजे राज्यात दिवे लागावेत आणि भांडणं मिटावीत याची जबाबदारी आमची, आणि टाळ्या भोपाळ-इंदूरला. राजधानी हुकल्याचं दुःख इथे बापाकडून मुलाकडे जातं. मालवीय चौकातल्या पानठेल्यावर उभा असलेला वीस वर्षांचा पोरगाही १९५६ सालचा अन्याय कालच झाल्यासारखा सांगतो.

अशा गावात बेस शिकवायला काही कष्टच पडू नयेत असं मला वाटायचं. मी इथल्या ऑर्केस्ट्रांमध्ये, लग्नांच्या स्टेजवर, गणपतीत आणि देवीत बरीच वर्षं बेस वाजवला आहे, आणि हल्ली नेपियर टाउनमधल्या घरी शिकवतो. शिकायला येणाऱ्यांच्या जाती ठरलेल्या असतात. पहिली जात इंजिनिअरिंगच्या पोरांची. त्यांना पहिल्याच दिवशी स्लॅप शिकायचा असतो, म्हणजे अंगठ्याने तार बडवायची आणि तर्जनीने उचकटायची. मोबाइलवर तेवढंच बघितलेलं असतं. चारही तारांची नावं विचारली तर दोन येतात. दुसरी जात मैत्रिणीसमोर वाजवायचं म्हणून येणाऱ्यांची. ती पंधरवड्यात गळते, कारण बेस ऐकून अजून कुठलीही मैत्रीण प्रसन्न झालेली नाही. तिसरी जात खऱ्या मुलांची. मोहिनी डे या मुंबईच्या मुलीला रहमानबरोबर, झाकीर हुसेनबरोबर वाजवताना बघून एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्याबद्दल विनोदी असं काहीच सांगता येणार नाही. ती चांगली शिकली आणि गेली.

मग आले काका.

काका गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले. सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये, शेवटची वर्षं इन्स्पेक्शनला. हातात फाइल, खिशात दोन पेन आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास, त्यामुळे मी त्यांना काका म्हणायचो. ते मला शिकवणीत 'सर' म्हणायचे आणि दाराबाहेर पडल्यावर 'बड्डे'. जबलपुरात 'बड्डे' कुणीही कुणालाही म्हणतो, वयाचा संबंध नसतो.

"बेसच का, काका?"

"मंडळाच्या ऑर्केस्ट्रात व्हेकन्सी आहे म्हणून कळलं."

इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता. गाणारे नऊ, कीबोर्डवाले दोन, ढोलकी, तबला, ड्रम सगळं होतं. पोस्ट रिकामी होती ती एकच, आणि काकांना रिकामी पोस्ट बघवत नव्हती.

पहिल्या दिवशी काकांनी वाद्य वाजवलं नाही, तपासलं. मी सांगितलं की अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या माणसाने १९५१ मध्ये पहिला चालणारा बेस बाजारात आणला, त्याचं नाव प्रिसिजन बेस. 'प्रिसिजन' ऐकताच काका सरसावून बसले. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे सांगितल्यावर तर त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे आमच्यासारखंच. तोफेचे गाडे बनवले, तोफ कधी चालवली नाही."

नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच, असं मी म्हटलं. काकांनी पट्टीने मोजून ३४ लिहून घेतलं. मग विचारलं, की मधल्या ह्या दांड्या, म्हणजे फ्रेट, कुठे ठोकायच्या हे ठरवतं कोण? मी सांगितलं की उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची, येईल तेवढ्यावर पुढचा फ्रेट. पूर्वीचे कारागीर १८ ने भागायचे. त्या अठराच्या हिशोबाबद्दल लिहिणारा विन्सेन्झो गॅलिली हा गॅलिलिओचा बाप, वाद्यवाला माणूस, आणि त्याचं पुस्तक १५८१ चं. काकांचं लक्ष गॅलिलिओकडे नव्हतं. ते खिशातल्या कॅल्क्युलेटरवर ३४ भागिले १७.८१७ करत होते. उत्तर आलं १.९०८. दुसऱ्या दिवशी ते घरून व्हर्निअर घेऊन आले आणि माझ्या बेसचा पहिला फ्रेट मोजला. फाइलमध्ये नोंद झाली: पास. बारावा फ्रेट बरोबर १७ इंचांवर यायला हवा, तिथे ब्रिज केसभर सरकलेला निघाला. नोंद झाली: रीवर्क. माझ्यासमोर माझ्या बेसवर लाल पेनने शेरा मारणारा हा पहिला शिष्य.

डाव्या हाताची गोष्ट अशी, की खालच्या फ्रेटांवर अंतर एवढं मोठं असतं की दर फ्रेटला एक बोट हा गिटारचा नियम तिथे मोडतो. म्हणून डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत घेतात: पहिलं, दुसरं आणि चौथं बोट काम करतं, आणि अनामिका करंगळीच्या मदतीला. काका म्हणाले, "तीन कामगार, एक हेल्पर. आलं ध्यानात." बोट फ्रेटच्या डोक्यावर ठेवायचं नाही, किंचित मागे ठेवायचं, नाहीतर तार तिथे घासून भुंगा करते. हे त्यांना सांगावं लागलं नाही. घासणाऱ्या धातूचा आवाज त्यांनी माझ्याआधी ओळखला.

उजव्या हाताला तर्जनी आणि मध्यमा, आलटून पालटून, अंगठा पिकअपवर टेकलेला. इथे मी एक गोष्ट सांगितली ती मात्र अंगावर आली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणारा जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने वाजवायचा, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचाच नाही. साठच्या दशकातली कितीतरी गाणी त्या एका बोटावर उभी आहेत. काकांना दोन्ही गोष्टी फार आवडल्या. विशेषतः दुसरी. बेसच्या तारांच्या संचाची किंमत ऐकल्यापासून ते अस्वस्थच होते. पुढच्या वेळी ते एकाच बोटाने वाजवत आले. "जेमर्सन सर्व्हिसभर एका बोटावर राहिला, मला दोन कशाला सँक्शन करून राहिले?" मध्यमा कामावर आणायला मला बरेच दिवस लागले.

ताल ही त्यांची अडचण नव्हतीच. आयुष्य भोंग्यावर काढलेला माणूस. मेट्रोनोम लावला की बोट ठोक्यावर पडायचं, केसभर आधी नाही, नंतर नाही. अडचण होती थांबण्याची. बेसच्या तारा जाड, सर्वात खालची तर इंचाच्या दहाव्या भागाहून जाड, आणि एकदा छेडली की ती वाजत राहते, शेजारणीलाही वाजवते. नवशिक्यांना वाटतं वाजवणं म्हणजे छेडणं. अर्धं काम दाबून ठेवण्याचं असतं; ज्या तारा आपण वाजवत नाही त्या गप्प बसवण्याचं. काकांच्या पहिल्या महिन्यात सगळ्या तारा एकाच वेळी बोलायच्या, आणि त्यातली कुठली त्यांनी वाजवली हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

घरच्या सरावाची दुसरीच तऱ्हा. मी एक गाणं पाठवलं आणि म्हटलं, यातला बेस ऐकून या. ते आले आणि म्हणाले, "यात बेस नाहीये." चूक काकांची नव्हती. बेसची सर्वात खालची तार ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनं. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला एवढं खालचं काढता येत नाही, तो वरवरचं सगळं वाजवतो आणि खालचं गाळतो. भेडाघाटला धुआंधार बघायला येणारे पाहुणे हाच घोटाळा करतात. तिथे उभं राहिलं की धबधब्याची गाज छातीत येते. ते व्हिडिओ काढतात, घरी जाऊन लावतात, आणि त्यातून कुकरची शिट्टी सैल पडल्यासारखा फसफस आवाज येतो. मग म्हणतात, प्रत्यक्षात फार छान होतं हो. काकांनी मोबाइल ठेवून दिला आणि माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर उतरवला. मोठ्या स्पीकरवर कळलं की बेस होता, आणि ज्या गाण्यांवर त्यांनी आयुष्यभर मान हलवली होती त्या सगळ्यांत होता. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, असं मी म्हटलं. काकांनी कॅसेटचं कव्हर उलटंपालटं केलं. गायक होते, गीतकार होते, संगीतकार होते, सिनेमाचं नाव दोन भाषांत होतं.

"ह्यांचं नाव कुठं आहे?"

"नसतं, काका. जेमर्सनचं पण १९७१ पर्यंत रेकॉर्डवर येत नव्हतं."

"चार्जशीट कुणावर करायची मग, चुकलं तर?" फॅक्टरीच्या माणसाला नाव नसण्यातला पहिला फायदा हा दिसला.

आता काकू. काकूंनी लग्नाआधी काही वर्षं गाणं शिकलेलं, आणि मग संसारात ते फक्त देवघरात उरलेलं. बेसच्या चार तारा कशा लावायच्या हे मी काकांना पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून, ट्यूनरची सुई दाखवून, आकृती काढून समजावत होतो. त्या दिवशी शिकवणी त्यांच्याच घरी, राइट टाउनला होती. काकू चहा ठेवून जाताजाता थांबल्या आणि म्हणाल्या, "दर तार खालच्या तारेचा मध्यम आहे. एवढंच ना?" एवढंच. ई षड्ज धरला की ए त्याचा मध्यम, ए षड्ज धरला की डी त्याचा मध्यम. माझी आकृती मी घडी करून खिशात घातली.

पण काकूंचं खरं स्थान स्वयंपाकघरात निर्माण झालं. काकांनी घरी अँप आणला, जमिनीवर ठेवला, आणि पहिल्यांदा ए तार मोकळी वाजवली. आतून खडखडाट. पोह्याचा स्टीलचा डबा. झाकण जरा सैल, आणि सेकंदाला ५५ कंपनांवर ते नाचायला लागायचं. दुसऱ्या कुठल्याही स्वराला नाही. काकांना याचा अतोनात आनंद झाला. त्यांनी एकेक स्वर वाजवत घरभर फिरून तक्ता केला: जी वाजला की बाथरूमची काच, सीला देव्हाऱ्याची घंटा, एफला फ्रिजवरचं काहीतरी, जे शेवटपर्यंत सापडलं नाही. काकूंना वाटलं आता डबा हलवतील. डब्याला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. तो कॅलिब्रेटेड होता.

काही आठवड्यांनी मी गेलो, काका तार जुळवत होते. ट्यूनरची सुई मध्यावर आली, काका थांबले. आतून काकूंचा आवाज: "अजून नाही लागला ए! डबा गप्प आहे." काकांनी खुंटी एक केस फिरवली. डबा खडखडला. "हां," आतून आलं, आणि फोडणी पडली. मी ट्यूनरची सुई पुन्हा बघितली. बॅटरी उतरली होती.

वरच्या मजल्यावर हायकोर्टाचे वकील राहतात. त्यांचे वडील १९५६ मध्ये कोर्टाच्या मागोमाग नागपूरहून आलेले, त्यामुळे घरात शिस्त आणि तक्रार दोन्ही पिढीजात. ते एका संध्याकाळी खाली आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"काका, मध्यप्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५. वाचून दाखवायची गरज नाही ना?"

असा कायदा खरोखरच आहे. लग्नाच्या मोसमात डीजेच्या गाड्या रस्त्यावरून जातात तेव्हा आख्ख्या शहराला त्याची आठवण येते आणि परीक्षा आल्या की प्रशासनालाही. काका म्हणाले, माझा आवाज तर मलाच पुरा ऐकू येत नाही. वकील म्हणाले, "मलाही ऐकू येत नाही. ऐकू आला असता तर सहन केलं असतं. माझा चष्मा टेबलावरून चालत जातो."

यात वकिलांचं काही खोटं नव्हतं. ४१ कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या वर, म्हणजे काकांची खोली त्या लहरीला पुरतच नाही. आवाज नीट मांडून बसायला तिला भिंतीपलीकडची, स्लॅबवरची जागाही लागते, आणि ती परवानगी विचारत नाही. वकिलांनी मग रीतसर पुरावा गोळा केला. सरावाच्या वेळी वरच्या खोलीत मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं, आणि मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाजवलं. दोन मिनिटं सगळे शांत बसून ऐकत होते. पंखा ऐकू आला. लांबून एक भाजीवाला ऐकू आला. स्लॅबमधून वर गेलं होतं ते फक्त खालचं, आणि मोबाइल खालचं वाजवत नाही. अध्यक्ष म्हणाले, "यात आक्षेपार्ह काय आहे?" हायकोर्टात जन्म गेलेल्या माणसाचा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत असा गेला.

काकांनी मात्र विजय साजरा केला नाही. त्यांनी अँपखाली रबराचे चार तुकडे घातले, मशीनखाली घालतात तसे, जाडी मोजून. वकिलांचा चष्मा थांबला. पोह्याचा डबा मंदावला, त्यावरून काकूंची वेगळी तक्रार आली.

माझी शिकवणीतली खरी कसोटी याच्याही पुढे होती, आणि ती मी आधी कुठल्याच शिष्याबरोबर दिलेली नव्हती. तरुण पोरांना शिकवताना माझा सगळा वेळ त्यांना आवरण्यात जातो. बेसचं काम साधं: गाण्याचा जो कॉर्ड असेल त्याचा मूळ स्वर द्यायचा, ड्रमरचा पाय पडतो तिथे द्यायचा, आणि पुढच्या कॉर्डला वेळेवर पोचायचं. पोरांना यात लाज वाटते. दोन ओळींच्या मध्ये जरा फट दिसली की ते तिथे चौदा स्वर कोंबतात. काकांचं उलटं. मूळ स्वर सांगितला की तो पाळीभर द्यायला तयार, एकही जास्तीचा स्वर नाही. गाणी बसली, सगळी बसली, पण सपाट. मी म्हटलं, काका, तिसऱ्या कडव्याच्या आधी गायक श्वास घेतो, तिथे एक छोटासा फिल टाका. तीन स्वर. खालून वर.

"ड्रॉइंगमध्ये आहे?"

"नाही. आपल्या मनाने टाकायचा."

काका बराच वेळ बेसकडे बघत राहिले. मग त्यांनी मला नीट समजावलं, की ड्रॉइंगपेक्षा वेगळं काही करायचं तर डेव्हिएशनची परवानगी लागते, कागद वर जातो, वरून सही होते, आणि मग तेवढ्याच नगांपुरतं वेगळं चालतं. आपल्या मनाने वेगळं करणाऱ्याचं काय होतं याची दोन उदाहरणंही त्यांनी दिली, दोन्ही सस्पेन्शनने संपणारी.

मी त्यांना मैहरचं सांगून बघितलं. मैहर इथून रेल्वेने दोनअडीच तासांवर. उस्ताद अलाउद्दीन खाँ तिथे दरबारात होते, आणि त्यांनी अनाथ मुलांना घेऊन मैहर बँड उभा केला. त्यात एक वाद्य आहे नलतरंग, ते बंदुकांच्या नळ्या कापून बनवलेलं. म्हणजे बंदुकीच्या नळीतून गोळीऐवजी सूर काढायचा हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये होतं? माझा मुद्दा बिनतोड होता. काका पुढे सरकले.

"नळ्या कुठल्या बोअरच्या?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं: मैहर, नळी, बोअर, विचारणे. फिलचा विषय तिथेच राहिला.

शेवटी मी शरण गेलो. एका कागदावर गाण्याचं नाव, कडव्याचा क्रमांक, तीन स्वर, त्यांचे फ्रेट आणि 'फक्त या कार्यक्रमापुरते मंजूर' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. काकांनी कागद वाचला, फाइलला लावला आणि एका दमात तो फिल वाजवला. पहिल्याच वेळी. आतून काकूंचं, "हे बरं होतं हो!"

गणपतीत कार्यक्रम झाला. आमच्याकडे प्रेक्षक मराठी असतात, शेजारी बुंदेली, साउंडवाला हिंदी, आणि चहा देणारा तिन्ही. स्टेज लावताना साउंडवाल्या पोराने काकांच्या हातातल्या वाद्याकडे बघून विचारलं, "अंकल, इसके दो तार टूट गए क्या?" बेस वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी विचारला जातो; मला तर सासुरवाडीत विचारला गेलाय. काका म्हणाले, "सँक्शन्ड स्ट्रेंथ चारच आहे." साउंडवाल्याने मान हलवली आणि बेसचा आवाज मिक्सरवर खाली केला, कारण जबलपुरात साउंडवाला सगळ्यात आधी बेसचाच आवाज खाली करतो.

कार्यक्रम चांगला झाला. गाणाऱ्यांना वन्स मोअर मिळाले. ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळाल्या, एका लहान मुलाने त्याला दहाची नोट दिली. तिसऱ्या कडव्याआधी गायकाने श्वास घेतला, काकांचे तीन स्वर खालून वर गेले, आणि ड्रमरने मान वळवून भुवई उंचावली. समोरच्या गर्दीपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. वकील दुसऱ्या रांगेत होते. ते चष्मा हातात धरून बसले होते, तो कशासाठी ते मला कळलं नाही.

मंडळींत सगळ्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं. एका बाईंनी काकांना सांगितलं की तुम्ही स्टेजवर फार शांत उभे राहता. काकांना ही दाद पोचली; इन्स्पेक्शनच्या माणसाला याहून मोठी दाद ठाऊक नसावी.

दोन दिवसांनी शहराच्या पुरवणीत फोटो आला. मध्ये गायिका, शेजारी निवेदक, मागे कीबोर्डवाले दोघे, ड्रमरचं डोकं. फोटोच्या डाव्या कडेला, चौकटीच्या आत जेमतेम दोन बोटं, एका लाकडी मानेचं टोक आणि त्यावर चार खुंट्या. बाकी काका चौकटीबाहेर. त्यांनी कात्रण फाइलला लावून आणलं होतं. टोकापाशी लाल पेनचा बाण होता.

"चारही दिसून राहिल्यात, सर. मोजून घ्या."

काकू मात्र नाराज होत्या. फोटो त्यांनी नागपूरच्या बहिणीला पाठवला होता, आणि बहिणीने विचारलं होतं की यात भावजी कुठले.

"पुढच्या वर्षी जरा उजवीकडे सरकून उभे राहा," त्या म्हणाल्या. "मधोमध याल."

"तिकडे गेलो तर ड्रमरचा पाय दिसत नाही," काका म्हणाले आणि फाइल मिटून त्यांनी तार जुळवायला घेतली.